अकरातले नऊ

तिसऱ्या गेटावर स्कूटी अडली की
हुंदरे काकांचा फोन यायचाच.
समोरून खानापूरची गाडी धडधडत जायची
आणि कानात तोच प्रश्न:
"कित्ती दिवस लागतंय गं आणि?"

सहा महिने, मी पाडव्याला सांगितलं होतं,
कधी आठ.
त्यांनी कोटेशनच्या पाठीवर सहाचा आकडा लिहून
भोवती गोल केला.
"कधी आठ" लिहिलं नाही.

पहिल्या महिन्यात काही झालं नाही.
म्हणजे मी खूप केलं:
फोटो हलके केले, तुटलेले दुवे सांधले,
गावाचं नाव चार तऱ्हांनी घातलं,
बेळगाव, बेळगांव, बेळगावी,
आणि लगाम नसलेलं बेलगामसुद्धा,
कारण शोधणारा काय टाइप करेल
याचा निकाल कुठल्याच कोर्टात लागलेला नाही.
पाटीवर कुठलं नाव केवढं, यावरून
इथं दगड उचलले गेलेत.
शोधायच्या खिडकीत मात्र चौघं
मांडीला मांडी लावून बसतात.

दुसऱ्या महिन्याचा हिशेब घेऊन
उद्यमबागेत गेले.
"अकरा जण येऊन गेले."
काकांचा चेहरा उजळला.
"त्यातले नऊ तुम्हीच, काका.
रोज रात्री उघडून बघता ना?"
"दहावा?"
"मी."
अकरावा कोण, याचा विचार करत
आम्ही चहा संपवला.

तिसऱ्यात नववं पान.
नवव्या पानावर कुणी जात नाही,
शेवटची सिटी बस गेल्यावरचा मच्छेचा स्टॉप.
चौथ्यात सहावं.
पाचव्यात परत आठवं. का, ते मला माहीत नाही,
आणि ज्याला माहीत आहे
तो कुठं राहतो तेही नाही.
त्यांचा भाचा प्रज्योत पुण्याहून म्हणाला,
पैसे भरा मामा, उद्या वर दिसाल.
काकांनी माझ्याकडे पाहिलं.
"भरा," मी म्हणाले,
"आणि भरायचं थांबलात की परवा खाली."

त्या दिवशी ते मला आत घेऊन गेले.
रस ओतून तास झाला होता,
काळ्या वाळूचे साचे ओळीनं धुमसत होते.
नवीन पोरगा, बसाप्पा,
हातोडी घेऊन एकाभोवती घुटमळत होता.
काका कन्नडमध्ये ओरडले, उद्या सकाळी!
आत्ता फोडलास तर भेग घेऊन येईल बाहेर.
मग माझ्याकडे वळून, त्याच दमात:
"बरं, ते सहावं पान कधी येतंय परत?"
मी साच्यांकडे बघत राहिले.
बोलले नाही काही.

सातव्या महिन्यात फोन आला,
गोकाकच्या अलीकडून, एक गुऱ्हाळवाला.
आजोबांच्या वेळचा चरक, चाकाचे दाते झिजलेले,
बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली.
त्यानं टाइपही केलं नव्हतं,
मोबाइलपुढं कन्नडमध्ये बोलला होता,
आणि निघालं ते नेमकं पान, जे
मी नको नको म्हणताना
काकांनी हट्टानं घालायला लावलं होतं:
जुन्या चरकाचं बिडाचं चाक.
एकच असलं तरी ओतून देऊ.
खाली तेच, बसाप्पानं सांगितलेल्या कन्नडमध्ये.
असं कुणी शोधत नाही काका, मी म्हणाले होते,
आकडे दाखवले होते. महिन्याला शून्य.

वीस मिनिटं बोलले ते त्याच्याशी.
दाते किती, व्यास किती,
चरक बैलावरचा की मोटरवरचा,
यंदा गूळ कसा धरला.
एक चाक. सत्तावीस किलो.
माझ्या एका महिन्याच्या बिलाइतकंही
सुटणार नाही त्यात.

संध्याकाळी तिसरं गेट. फोन.
मी उत्तर तयार ठेवलं होतं,
अजून दोन महिने, काका, धीर धरा.
"अगं," ते म्हणाले, "तो अकरावा,
तेव्हाचा, तो ह्योच की काय?"

लॅपटॉप उघडला असता तर
गावाचं नाव दिसलं असतं.
"असेल," मी म्हणाले.
गेट वर गेलं. मागच्या टेम्पोनं
हॉर्नवरचा हात काढला नाही.